बारमाही चातुर्मास

नाशिक जिल्हा घडवताना देवाने कुत्र्यांचा विचार केला नव्हता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ज्या दोन पिकांच्या जोरावर आमचा जिल्हा मिशीला पीळ देतो, ती दोन्ही कुत्र्याला बाधतात. एक लासलगावचा कांदा, दुसरी निफाड-दिंडोरीची द्राक्षं. कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ली तर करतात याचा हिशेब कुत्र्यागणिक बदलतो. त्यामुळे ‘एवढंसं एक दिलं तर काय होतंय’ हे मराठी माणसाचं हुकमी वाक्य इथे चालत नाही. बेदाणे त्याहून वाईट, कारण पाणी उडून गेल्यावर मूठभर बेदाण्यांत घडभर द्राक्षं मावतात. लसूण तर कांद्याचाच चुलतभाऊ. कांद्याचे लिलाव बंद पडले की आख्खा जिल्हा हवालदिल होतो. त्या रात्री कुणाला निवांत झोप लागत असेल तर ती फक्त कुत्र्यांना.

आमचा खंडू जातीने गावठी. लेकीने तो कॉलेजातून येताना ओढणीत गुंडाळून आणला. कुत्रा पाळायचा नाही, यावर घरात माझं आणि आईचं एकमत होतं. पण तो दिवस निघाला चंपाषष्ठीचा. आई नुकतीच तळी भरून उठली होती, कपाळाला भंडारा होता, आणि दारात काळंभोर पिल्लू शेपूट हलवत उभं. ‘खंडोबाचा कुत्रा आज घरी चालत आलाय, त्याला हाकलायचा कसा?’ असं म्हणून आईने पक्ष बदलला. विरोधात मी एकटा उरलो, आणि आमच्या घरात एकट्याच्या विरोधाची इतिवृत्तातसुद्धा नोंद होत नाही. पुढे लेक शिकायला पुण्याला गेली. कुत्रा मागे राहिला. कुत्रा आणणारं माणूस आणि कुत्रा सांभाळणारं माणूस एकच असल्याचं मी अजून कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लस टोचली आणि ‘काय द्यायचं नाही’ची यादी हातात ठेवली. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, चहा, कॉफी, आंबवलेलं कच्चं पीठ, शिजवलेली हाडं, आंब्याची कोय, खारट, तिखट, तळकट. सगळ्यात खाली पेनाने लिहिलेली चिंच. आई चिंचेवर अडली.

‘चिंचेनं काय घोडं मारलंय?’

डॉक्टर समजूतदार. त्यांनी सांगितलं, की द्राक्षांतलं नेमकं काय कुत्र्याला भोवतं हे बरीच वर्षं कुणाला उमगत नव्हतं. मग २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांना टार्टारिक आम्लाचा संशय आला. निमित्त काय, तर एका कुत्र्याने पोरांसाठी घरी मळलेली खेळायची कणीक खाल्ली. त्या कणकेत या आम्लाचा क्षार होता, आणि दुखणं थेट द्राक्षं खाल्ल्यासारखं निघालं. हेच आम्ल चिंचेतही भरपूर. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला.

‘म्हणजे आमटी नाही.’

आमटीतून चिंच काढली, कांदा-लसूण काढला, मग तिखट, मीठ, मसाला आणि वरची फोडणी काढली, की मागे राहतं ते आजाऱ्याचं वरण. खंडूने ते आनंदाने पत्करलं. आई आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसणाला शिवत नाही. घरातले बाकीचे आम्ही कांदेनवमीला भज्यांवर आडवा हात मारतो, चार महिने आता संयम असं एकमेकांना बजावतो आणि येत्या रविवारी चौकात मिसळीच्या रांगेत एकमेकांना भेटतो. घरात खरा चातुर्मास पाळणारा एकच, आणि तो बाराही महिने पाळतो. आईला याचं फार कौतुक. तो अधूनमधून उकडलेली कलेजी खातो, तेवढा मुद्दा ती व्रताच्या हिशेबात धरत नाही.

योगायोग असा, की त्याच सुमारास माझ्याही रक्ताचे रिपोर्ट आले. माझ्या डॉक्टरांनी मलाही कागद दिला. मीठ कमी. साखर बंद. मैदा नको, तळलेलं नको. नाचणी, दुधी, भोपळा, गाजर. एका वेळी थोडं. सकाळ-संध्याकाळ चालणं. वजनावर लक्ष. दोन्ही कागदांवरची नावं झाकली तर कुठला कुणाचा हे सांगता येऊ नये. माझ्यावर जंताचं औषध नव्हतं, एवढाच काय तो फरक. बायकोने दोन्ही कागद फ्रिजवर शेजारीशेजारी लावले. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात कामाला जो जोर चढला तो सगळा उजवीकडच्या कागदासाठी होता. उजवीकडचा खंडूचा.

लाल भोपळा आमच्या घरात पूर्वी घारग्यांच्या निमित्तानेच यायचा. त्याची भाजी झाली की लेकीला मैत्रिणीकडे अभ्यास असायचा आणि मला ऑफिसात उशीर. आता बायको मंडईत भोपळ्यावर टिचक्या मारून, देठ बघून, चांगल्या गराची फोड निवडून घेते. भाजीवालीने एकदा कौतुकाने विचारलं, ‘भरीत का ताई?’

‘नाही, बिस्किटं.’

भाजीवालीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात मला वाटतं थोडी सहानुभूती होती.

या बिस्किटांची कृती सोपी आहे आणि ती मला पाठ आहे, कारण भोपळा किसण्याचं काम माझ्याकडे आहे. किसलेला भोपळा वाफवून गर मोडायचा. त्यात मावेल तेवढं नाचणीचं पीठ, थोडे ओट्स, चमचाभर दाण्याचा कूट. पाणी नाही, भोपळ्याचंच पाणी पुरतं. घट्ट मळायचं, जाडसर लाटायचं, कापायचं आणि ओव्हनमध्ये १६०-१७० अंशांवर अर्धा तास भाजून, ओव्हन बंद करून आतच वाळू द्यायचं. अंडं घातलं तर खुसखुशीत होतात. आमच्याकडे घालत नाहीत, कारण पोळपाट आईचा आहे. दाण्याच्या कुटाचीही एक कथा आहे. लेकीने पुण्याहून व्हिडिओ पाठवला होता, त्यात पीनट बटर सांगितलं होतं, आणि बरणीवर झायलिटॉल लिहिलंय का ते बघ अशी ताकीद. हा गोडवा माणसाला चालतो. कुत्र्याची साखर मात्र तो तासाभरात खाली आणतो आणि वर यकृतालाही दुखापत करतो. बायको चष्मा लावून दुकानात बरण्या वाचत उभी राहणार, तेवढ्यात आई म्हणाली, ‘कूट मिक्सरातून अजून फिरवला की तेल सुटतं. तेच ना ते तुमचं बटर?’ तेच ते. ज्या घरात कूट संपल्यावर पाहुणे आल्यासारखी धावपळ होते, तिथे बरणी कशाला लागते?

खरा पेच आला तो आकाराचा. लेकीने कुरियरने हाडाच्या आकाराचा साचा पाठवला होता. आईने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि ओट्यावरून खाली ठेवला.

‘हे माझ्या पोळपाटावर चालायचं नाही.’

‘अहो आई, नाचणीचंच तर आहे ते,’ बायको म्हणाली.

‘पीठ नाचणीचं असू दे. दिसतंय काय?’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कुत्र्याचं बिस्किट हाडाच्या आकाराचं का असतं, याची एक गोष्ट अमेरिकेत सांगतात. कार्लटन एलिस नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. शेकड्यांनी पेटंटं नावावर असलेला माणूस, रंग खरवडून काढायच्या द्रावणापासून मार्गारीनपर्यंत सगळ्यात ज्याचा हात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने वाया जाणाऱ्या दुधाचं कुत्र्यांसाठी बिस्किट केलं. त्याच्या स्वतःच्या कुत्र्याने ते हुंगून सोडून दिलं. मग त्याने त्याच पिठाला हाडाचा आकार दिला, आणि कुत्रा तुटून पडला म्हणे. मला ही गोष्ट कुत्र्यापेक्षा विक्रेत्याच्या बाजूची वाटते. खंडूला आकाराशी देणंघेणं नाही. त्याने आजवर चौकोनी मोजा, लंबगोल साबण आणि माझ्या विम्याच्या पावतीचा काटकोन त्रिकोण सारख्याच निष्ठेने खाल्लेला आहे. त्यामुळे आईने शंकरपाळ्याचं कातणं काढलं आणि तिच्या हातून चौकडीच्या रेघा सटासट पडल्या. तेव्हापासून आमच्याकडे कुत्र्याला शंकरपाळे मिळतात.

मांसाहारी विभाग गॅलरीत आहे. तिथे एक वेगळी शेगडी, एक वेगळं पातेलं आणि एक जुना सुरा यांनी मिळून स्वतंत्र राज्य स्थापन केलं आहे. आई हरिपाठाला गेली की तिथे कलेजी शिजते. नुसती उकडायची, बारीक तुकडे करायचे, मंद आचेवर कोरडे होऊ द्यायचे. कलेजी रोज द्यायची नाही, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की ते शरीरात साठून राहतं आणि पुढे हाडांवर उठतं. हे मी नेटाने लक्षात ठेवलं आहे, कारण वास असा सुटतो, की वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक ‘आज काय विशेष?’ असं खाली वाकून विचारतात. त्यांना दरवेळी सांगावं लागतं, की विशेष आहे, पण आमच्यासाठी नाही. शेजारच्या मालवणच्या वहिनींनी मायेने सुकट आणून दिली होती. तिच्यातलं मीठ काढायला ती इतक्या पाण्यांतून धुवावी लागली, की शेवटी फक्त सुकटीची आठवण उरली. खंडूने तीही खाल्ली.

सगळ्यात बिनकष्टाचा खाऊ रताळ्याचा. पाव इंच जाडीच्या चकत्या करायच्या आणि ओव्हनमध्ये अगदी कमी आचेवर दोन-तीन तास सोडून द्यायच्या. त्या चामड्यासारख्या चिवट होतात आणि कुत्रा त्यांच्याशी झुंजत बसतो. झुंज चालू असेपर्यंत वर्तमानपत्र वाचून होतं. नाशिकचा एप्रिल लागला की दह्यात केळं कुस्करून बर्फाच्या साच्यात घालायचं. या शेवटच्या पदार्थामुळे फ्रीजरमधली कुल्फीची जागा गेली. कुल्फी मला तशीही चालत नाही, असं उजवीकडचा कागद लावणाऱ्या व्यक्तीने डावीकडच्या कागदाकडे बोट दाखवून सांगितलं.

कुत्र्यासाठी मुद्दाम खाऊ करून तो विकायची कल्पना जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाची समजतात. हा गृहस्थ १८६०च्या आसपास लंडनला गेला होता तो इमारतींवर लावायचे वीजवाहक विकायला. तिथे गोदीवर त्याने पाहिलं, की खलाशांनी टाकलेली जहाजावरची टणक बिस्किटं भटकी कुत्री चघळताहेत. वीज राहिली बाजूला; त्याने गहू, बीट, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांसाठी वड्या काढल्या आणि त्या शिकारी कुत्री पाळणाऱ्या साहेबलोकांना विकल्या. त्याच्या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा पोरगा कामाला होता. त्याने पुढे १८९१ मध्ये लंडनला श्वानप्रदर्शन भरवलं, ते आजही त्याच्याच नावाने भरतं. या क्रफ्टने स्वतः घरी मांजर पाळलं होतं असं सांगतात. धंदा कळलेला माणूस.

आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मग आपला रोडगा काय होता?’ आणि खरंच, चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात, आणि त्यातला घास देवाच्या कुत्र्यासाठी बाजूला काढतात. गोवऱ्यांवर भाजलेला, खमंग, टणक, बिनसाखरेचा. लंडनच्या गोदीवर कुणी वाट चुकायच्या कितीतरी आधी जेजुरीच्या कुत्र्यांचा हा प्रश्न मिटलेला होता. भरितात कांद्याची पात असते, तेवढं मात्र आता आम्ही खंडूला वगळून पुढे सरकवतो. देवाच्या कुत्र्याला ते इतकी वर्षं कसं पचलं, हे डॉक्टरांना विचारायचं मी टाळलं आहे.

नामदेवांचं काय, हा प्रश्नही आईनेच काढला. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. महाराष्ट्रात प्रत्येक मूल ही गोष्ट ऐकून मोठं होतं, आणि कुत्रा पाळणारी प्रत्येक आजी तिचा दाखला देऊन चमचाभर तूप जास्त वाढते. डॉक्टर सांगतात, एकदम फार स्निग्ध खाल्लं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि तो आजार वाईट. मी आईला समजावलं, की नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला होता, आणि विठ्ठलाला स्वादुपिंडाचा त्रास होत नाही. ‘तुला दिसत नाही हा तुझा प्रश्न,’ ती म्हणाली. त्या दिवशी खंडूला तूप मिळालं.

इथून पुढे गणित लागतं. खाऊ, मग तो कितीही सात्त्विक असो, कुत्र्याच्या दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे. खंडू वीस किलोचा. त्याला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला शंभर. एका पार्ले-जी बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात. चार बिस्किटं झाली की दिवसाचा कोटा संपला. हा हिशेब कागदावर सुंदर दिसतो. पण कागदावर खंडूला खाऊ देणारा माणूस एक आहे.

प्रत्यक्षात आई देते तो प्रसाद. प्रसादात कॅलरी धरत नाहीत. बायको देते ते शिकवणीचं मानधन. ‘बस’ म्हटलं की बसतो, म्हणून एक. तो मुळात बसलेलाच असतो, पण मानधन बुडत नाही. मी देतो ते चहाच्या वेळी, एकट्याने खाणं वाईट दिसतं म्हणून. खाली वॉचमन पार्ले-जीचा पुडा बाळगून असतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला डब्यातली अर्धी पोळी राखून ठेवतो. आणि हे झालं सोमवार ते शुक्रवार.

खंडू काळा आहे, हे मी वर सांगितलं. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की शनीची पीडा कमी होते, असं मानणारे लोक आमच्या सोसायटीत बरेच आहेत, आणि शिक्षण जसं वाढलं तसे तेही वाढले आहेत. शनिवारी सकाळी आमच्या दारावर टकटक होते. उघडलं की कुणीतरी ताटलीत चकचकीत पोळी घेऊन उभं. ‘खंडू आहे का?’ जणू तो कधी ऑफिसला जातो. साडेसातीची गंमत अशी, की ती कुठल्याही वेळी बारांपैकी तीन राशींना चालूच असते. एका राशीची संपली की पुढच्या राशीची सुरू होते. त्यामुळे भक्तांचा ओघ आटत नाही. शनी एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला, की आमच्याकडे येणाऱ्या ताटल्या फक्त बदलतात. एकदा मी धीर करून एका सद्गृहस्थांना म्हणालो, की तेलाऐवजी कोरडी पोळी दिली तर? ते म्हणाले, ‘शनीला कोरडी कशी चालेल?’ मी सांगितलं, खाणार खंडू आहे. त्यांनी दोघांतला फरक फारसा मनावर घेतला नाही.

या सर्व दात्यांना एक गोष्ट समान वाटते, ती म्हणजे आपल्याआधी याला कुणी काही दिलेलं नाही. हा समज खंडूने कमावलेला आहे. आईकडून खाऊन तो बायकोकडे येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पानशेत फुटून घरदार वाहून गेल्याची कळा असते. डॉक्टर त्याचं वजन काट्यावर घेतात, पण निर्णय हाताने करतात. बरगड्यांवरून हात फिरवायचा. फार दाबावं न लागता बरगड्या हाताला लागल्या तर ठीक. मागच्या खेपेला त्यांनी हात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खंडूने खिडकीबाहेर पाहिलं.

आता एवढी मेहनत घेऊन त्याला चव तरी कळते का? विज्ञान इथे बल्लवाचा पाणउतारा करतं. माणसाच्या जिभेवर नऊ हजारांच्या घरात स्वादकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे सतराशे. त्याचा सगळा कारभार नाकावर चालतो, आणि नाकाचं काम संपलं की पदार्थ थेट खाली. भोपळ्याचा शंकरपाळा तोंडात जाणं आणि पोटात पोचणं यांच्यामध्ये चावण्याला वेळ ठेवलेला नाही. तरी बायको रोज विचारते, ‘आवडलं का रे?’ मला हा प्रश्न लग्नानंतर काही वर्षं विचारला जायचा. मी खरं उत्तर द्यायचो, हा माझा आणि खंडूचा फरक.

पोळी-भाकरीच्या बाबतीत मात्र विज्ञान आईच्या बाजूने आहे. कुत्रा म्हणजे मांसाहारी लांडग्याचा वंशज, त्याला धान्य कसलं घालता, असं सुनावणारे तरुण बागेत भेटतात. त्यांच्याकडे विलायती कुत्रा आणि विलायती मत, दोन्ही असतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणारं विकर बनवायच्या ज्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, त्याच्या कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडतात. माणूस शेती करू लागला, उष्टं टाकू लागला, आणि ते उष्टं ज्याला पचलं तो माणसाजवळ राहिला. मी हे आईला सांगितलं. दारातल्या कुत्र्याला शेवटची पोळी घालायची हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं. त्याला स्वीडनची मान्यता मिळाल्याचं तिला विशेष काही वाटलं नाही.

अलीकडे या खाऊचा बाजारही झाला आहे. वाढदिवसाचे केक मिळतात, वर कुत्र्याचं नाव घालून. दिवाळीत कुत्र्यांचा फराळ मिळतो. लेकीने एकदा तो पाठवला होता, देखण्या खोक्यात, खाली कागदी पिंजर. चकली होती; तिच्यात मीठ नाही, तिखट नाही, हिंग-ओवा नाही आणि ती तळलेली नाही. म्हणजे चकलीचा नुसता पत्ता होता, घरात कुणी नव्हतं. लाडू होता नाचणीचा, बिनगुळाचा. आईने एक लाडू फोडून, हुंगून पाहिला आणि विचारलं, ‘हा कुणाच्या दिवसाचा?’ मी तो खाऊन पाहिला. माझ्या आहारतज्ज्ञ ताईंनी सुचवलेल्या लाडवाशी तो इतका मिळताजुळता होता, की मला क्षणभर ताईंची आठवण आली. खोक्यावर मागे कंसात छापलं होतं, माणसांनीही खाण्यायोग्य. इतक्या नम्रतेने माणसांना आमंत्रण मी प्रथमच पाहिलं.

पाहुण्यांनी चुकून कुत्र्याची बिस्किटं खाल्ली, असा किस्सा कुत्रा असलेल्या प्रत्येक घरात सांगतात, म्हणून मी तो सांगणार नाही. आमच्याकडे चुकून काही झालेलं नाही. चांदवडचे काका आले होते. काका माळकरी, मधुमेही, रक्तदाब असलेले, पोट अंगाच्या बरंच पुढे चालणारं. चहा बिनसाखरेचा दिला. बरोबर द्यायला घरात चिवडा, फरसाण, नानकटाई. यांतलं काहीच त्यांना चालत नव्हतं. ते समोरच्या काचेच्या बरणीकडे बघून म्हणाले, ‘ते शंकरपाळे?’

‘ते खंडूचे आहेत काका,’ बायकोने स्वच्छ सांगितलं.

‘काय आहे त्यात?’

‘नाचणी, भोपळा, ओट्स, दाण्याचा कूट.’

‘साखर?’

‘नाही.’

‘मीठ?’

‘नाही.’

‘मैदा? तेल? अंडं?’

‘काहीच नाही.’

काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, उलगडला, चष्मा वर करून वाचला आणि बरणीकडे हात केला. ‘माझ्या डॉक्टरांनी हेच लिहिलंय. घरी सूनबाईला सांगून दमलो, वेळ नाही म्हणते. करायला लागतं काय ते!’ मग त्यांनी एक शंकरपाळा खाल्ला, दुसरा खाल्ला. खंडू त्यांच्या पायाशी येऊन बसला आणि प्रत्येक घासाबरोबर त्याचं डोकं बरणीपासून काकांच्या तोंडापर्यंत आणि परत असं फिरत राहिलं. जाताना आईने काकांना डबा भरून दिला. त्या रात्री खंडू माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. डबा संपला होता. गुंडाळून, आडून, प्रकृतीची चौकशी करत ते मुद्द्यावर आले, आणि पुढच्या घाण्यात किंचित मीठ आणि जमलं तर थोडी पिठीसाखर घालता येईल का, असं त्यांनी विचारलं.

‘मीठ-साखर नाही घालता येणार काका,’ बायको म्हणाली, ‘त्याला चालत नाही.’

‘अगं, माझ्यापुरते वेगळे कर.’

‘तुम्हाला तर त्याच्याहून चालत नाही. आणि डबा आठवड्यात संपवायचा नसतो. दिवसाला चार. दहा टक्क्यांच्या वर खाऊ जाता कामा नये.’

‘हे कुणी ठरवलं?’

‘डॉक्टरांनी. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत म्हणाले.’

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग काकांचा आवाज आला, ‘सूनबाई, माझ्या बरगड्या वऱ्हाडी मंडळींनी शेवटच्या पाहिल्या. त्यानंतर एक्स-रेवाल्यालासुद्धा शोधाव्या लागल्यात. तू पाच लिही.’